फिकट रोप आधी अंधारात वाढवून बघ

प्रिय सुहास,

रोपं फिकट निघाली म्हणजे हरितलवकाच्याच (पेशीतल्या हिरव्या कणाच्या, पुढे नुसतं 'लवक') जनुकात दोष, असं तू धरून चालला आहेस. जरा थांब. अरॅबिडॉप्सिसच्या (प्रयोगशाळेतलं नेहमीचं छोटं रोप) लवकाचा डीएनए जेमतेम १,५४,००० बेस-जोड्यांचा, त्यात प्रथिनांची जनुकं शंभराच्याही आत. लवकाला लागणारी बाकीची हजारो प्रथिनं केंद्रकातल्या जनुकांवरून बाहेर बनतात आणि मग आत ओढली जातात. रुबिस्कोचंच (हवेतला कार्बन पकडणारं लवकातलं प्रथिन) बघ ना, मोठा घटक घरचा, छोटा बाहेरचा. म्हणून पहिला संशय केंद्रकावर घे, आणि दोन्ही बाजूंनी (फिकट रोप एकदा मादी, एकदा नर) संकर करून खात्री कर. दोष फक्त मादीकडून उतरला तरच लवकाकडे वळ. कोरेन्सने १९०९ मध्ये गुलबक्षीत हेच दाखवलं: पांढऱ्या फांदीवरच्या बियांची रोपं पांढरीच, पराग कुठल्याही फांदीचा असो.

आता खरी गंमत. अंधारात पीआयएफ नावाची, जनुकं चालू-बंद करणारी प्रथिनं एकाच वेळी दोन कामं करतात: खोड लांबवतात आणि हरितद्रव्याची जनुकं दाबून ठेवतात. प्रकाश पडला की फायटोक्रोममुळे (उजेड ओळखणारं प्रथिन) ती नष्ट होतात, एचवाय५ (उजेडातली वाढ घडवणारं प्रथिन) टिकतं, जीएलके जनुकं लवक घडवायला लागतात. रोपाचं रूप आणि हिरवेपण असं एकाच बटणावर चालतं. डीईटी१ (अंधारात उजेडासारखी वाढ रोखणारं केंद्रकातलं जनुक) बिघडलं, तर अंधारातही खोड आखूड राहतं आणि बीजपत्रं उघडतात. असा बिघाड अंधारात रूपावरून दिसतो, म्हणून तुझी रोपं आधी अंधारात बघ.

अर्ध्या ताकदीचं एमएस (रोपांसाठीचं क्षारांचं तयार मिश्रण), ०.८ टक्के आगर, साखर अजिबात नको. ती खोडाची लांबीही बदलते आणि प्रकाशसंश्लेषणाची जनुकंही दाबते. पेरलेल्या प्लेट ३ दिवस ४ अंशांवर अंधारात, मग ४-६ तास पांढरा प्रकाश (याशिवाय उगवण एकसारखी होत नाही), मग फॉइलचे दोन थर गुंडाळून २२ अंशांवर ४ दिवस. फॉइलला बारीकसं भोक असलं तरी निकाल वाया जातो. सपुष्प वनस्पतींत हरितद्रव्याची एक पायरी प्रकाशाशिवाय होत नाही, म्हणून अंधारात तिच्या आधीचं द्रव्य साठत जातं. जास्त दिवस ठेवून एकदम प्रखर उजेडात काढलीस, तर तेच द्रव्य रोप जाळून पांढरं करतं, आणि तू त्याला म्युटंट (जनुक बिघडलेलं रोप) समजशील! आधी मंद उजेड दे.

हरितद्रव्य ८० टक्के अ‍ॅसिटोनमध्ये काढून ६६३ आणि ६४५ नॅनोमीटरच्या प्रकाशाचं शोषण मोज. क्युव्हेट (मोजणीची छोटी कुपी) काचेचं घे, साधं प्लॅस्टिक अ‍ॅसिटोनमध्ये धुरकट होतं. द्रावण गढूळ असेल तर ७५० चं वाचन वजा कर.

पानं चट्ट्यापट्ट्यांची असतील तर छेद बरोबर हिरव्या-पांढऱ्या सीमेवर घे. हिरव्या बाजूला वरच्या थरातल्या पेशी लांब, उभ्या, दाटीने रचलेल्या दिसतील. काही म्युटंटांत पांढऱ्या बाजूला त्या आखूड, गोलसर राहतात आणि पान तिथे पातळ पडतं. लवक नीट घडलं नाही की केंद्रकाला तसा निरोप जातो आणि पेशीची घडणही अडते. हा निरोप पारखायचा असेल तर नॉरफ्लुराझॉन (लवक बिघडवणारं तणनाशक) वापर: साधं रोप केंद्रकातली प्रकाशसंश्लेषणाची जनुकं बंद करतं, गन१ म्युटंट (हा निरोप पोचवणारं जनुक बिघडलेला) मात्र ती चालूच ठेवतो.

अंधारातल्या आणि उजेडातल्या रोपांचे फोटो एकाच मोजपट्टीवर काढून पाठव.

तुझा,
विनय