भिंतीवरचे हरीण

शिकार केलेल्या हरणाचे मुंडके टॅक्सीडर्मी करून, म्हणजे कातडे टिकवून जिवंतासारखे दिसेल असे बनवून घेतल्याने त्याची आठवण जपली जाते, असे सांगणारा लेख वाचला. शिकार योग्य की अयोग्य, हा वाद इथे नको. पण आठवण नेमकी कोणाची?

टॅक्सीडर्मीला आपण सवयीने ‘पेंढा भरणे’ म्हणतो. पेंढा कधीच मागे पडला. आज कमावलेले कातडे फोमच्या तयार साच्यावर चढवतात. डोळे काचेचे, नाकाची ओल रंगाची. मूळ प्राण्याचे उरते ते कातडे आणि शिंगे. शिंगेही दरवर्षी गळून नव्याने उगवणारी, म्हणजे त्या एका वर्षाचीच. ज्याच्या दातांवरून हरणाचे वय कळते, तो खालचा जबडा तर बहुधा टाकूनच दिला जातो! मानेचा रुबाबदार बाकही साच्यासोबत निवडून घेतलेला असतो.

संग्रहालयातील नमुन्यासोबत निदान तारीख, ठिकाण, नर की मादी याची नोंद असते. घरच्या भिंतीवर तीही क्वचितच दिसते. फळीच्या मागे एवढ्या चार ओळी लिहून ठेवायला कारागीर लागत नाही.

– एक वाचक