गुणोत्तराच्या उदाहरणांत रीत आकडे पाहून ठरावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सहावीच्या गणितात गुणोत्तर-प्रमाणाबरोबर एकमान पद्धत, म्हणजे आधी एका वस्तूची किंमत काढून मग हव्या तितक्या वस्तूंची काढण्याची रीत, शिकवली जाते. 7 पेन्सिली 35 रुपयांना, तर 11 पेन्सिली केवढ्याला, अशा प्रश्नाला तिच्याइतकी सरळ वाट दुसरी नाही. खटकते ते एवढेच, की पुष्कळ वर्गांत ही एकच रीत ग्राह्य धरतात आणि ‘एका वस्तूची किंमत’ ही ओळ नसेल तर उत्तर बरोबर असूनही गुण कापतात. माझ्या नातीला चाचणीत 8 वह्यांचे 150 रुपये, तर 24 वह्यांचे किती, असे विचारले होते. वह्या तिप्पट म्हणून पैसेही तिप्पट, असे लिहून तिने 450 रुपये हे उत्तर काढले. तिला निम्मेच गुण मिळाले. आधी 150 ला 8 ने भागून 18 रुपये 75 पैसे काढायचे आणि मग त्याला 24 ने गुणायचे, हा खटाटोप तिने कशासाठी करावा?

वडील व मुलगी यांच्या वयांचे गुणोत्तर 8:3 आणि वयांतील फरक 30 वर्षे असेल, तर आठ आणि तीन सारख्या चौकटींच्या दोन पट्ट्या एकाखाली एक काढाव्यात. जास्तीच्या पाच चौकटी म्हणजे 30 वर्षे, एक चौकट 6 वर्षांची, म्हणून वये 48 आणि 18. सिंगापूरच्या प्राथमिक शाळांत 1980 च्या दशकापासून अशा पट्ट्या काढायला शिकवतात. आपल्याकडे मात्र चित्र काढणे म्हणजे ‘कच्चे काम’, आणि त्याची जागा वहीच्या मागच्या पानावर!

खरा धोका न समजता केलेल्या तिरकस गुणाकारात, म्हणजे दोन गुणोत्तरे समान मांडून समोरासमोरच्या कोपऱ्यांतील संख्या गुणण्यात, आहे. 6 मजूर एक काम 10 दिवसांत करतात, तर 15 मजुरांना किती दिवस लागतील, याचे उत्तर त्या सवयीने 25 येते, आणि माणसे वाढली असता दिवस कसे वाढले, हा प्रश्न मुलांना पडत नाही. एकूण काम 60 मजूर-दिवसांचे, म्हणून 15 मजुरांना 4 दिवस, हे दोन ओळींत सांगता येते. भास्कराचार्यांनी 1150 च्या सुमारास ‘लीलावती’त त्रैराशिकाबरोबर (तीन संख्यांवरून चौथी काढण्याच्या रीतीबरोबर) व्यस्त त्रैराशिक (एक वाढले की दुसरे घटते, अशा उदाहरणांची रीत) वेगळे सांगितले आहे, ते उगाच नव्हे.

वर्गभर वह्या तपासताना एकसारखी मांडणी शिक्षकांना सोयीची पडते, हे मान्य आहे. तरीही गुणदान करताना कारण पटणारी कोणतीही रीत पूर्ण गुणांस पात्र धरावी, आणि अशी स्पष्ट सूचना शिक्षण विभागाने शाळांना द्यावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, सातारा