विषय : बंद इंजिनालाही फुल प्रेशर दाखवणारा तुमचा ऑइल मीटर

मा. सेवा व्यवस्थापक,

तक्रार तीच, जी तुम्ही तीनदा 'निराकरण झाले' म्हणून बंद केलीत. आज तुमच्या माणसाने बोलता बोलता फोन ठेवला, म्हणून हे लेखी.

जुन्या बसचं राहतं घर केलंय. इंजिन मागे, मी पुढे, मध्ये ओटा आणि पलंग. मागे काय खडखडतंय ते मला ऐकू येत नाही, म्हणून मोजके चारच मीटर घेतले : ऑइल प्रेशर, पाण्याचं तापमान, ब्रेकची हवा, व्होल्ट. तुमचा विक्रेता चढ-उतार दाखवणारा मीटरही गळ्यात मारत होता. चढ मला काचेतून दिसतो, ऑइल दिसत नाही.

चावी फिरवली, इंजिन बंद, आणि काटा थेट शेवटच्या खुणेवर. इंजिन सुरू केलं की खाली येतो, रेस दिली की आणखी खाली. मल्टीमीटर लावला. सेंडर, म्हणजे इंजिनावर बसून प्रेशर मोजणारा आणि तारेने मीटरला कळवणारा भाग, बंद इंजिनात 10 ओहम, रेसला 100 च्या वर. मीटरच्या पाठीवर तुम्हीच छापलंय 240-33, म्हणजे 240 ओहमला शून्य प्रेशर आणि 33 ला फुल. खोक्यात सेंडर मात्र 10-180 चा, बरोब्बर उलट्या चालीचा. एकाच सीलबंद खोक्यात! यापुढे तुम्हाला काही समजवायला लागू नये.

आता आजचं संभाषण.

"काटा हलतोय का सर?"
"हलतोय, पण उलटा."
"हलतोय ना? मग मीटर ओके आहे."
"इंजिन बंद असताना फुल दाखवतोय."
"मग चांगलंच आहे की सर, ऑइल भरपूर आहे."

पंपच फिरत नाही तर प्रेशर येणार कुठून, असं विचारल्यावर बराच वेळ संगीत ऐकवलं. परत येऊन प्रश्न : "मीटर उलटा बसवलाय का?" हो, अक्षरं डोक्यावर उभी आहेत आणि मी मान वाकडी करून बस चालवतो! मग म्हणे, सेंडरच्या आट्यांवर टेप गुंडाळली असेल, अर्थिंग मिळत नसेल. अहो, अर्थिंग तुटलं तर तुमचा हा मीटर शून्यावर पडतो. फुल दाखवत नाही. एवढं बोललो आणि फोन कट.

उद्या ऑइलचा पाइप फुटला तर काटा फुलकडे जाईल आणि मी खुशाल इंजिन जाम करीन. तेव्हाही 'ऑइल भरपूर आहे' म्हणाल का?

व्होल्टमीटरही आधी 8 ते 16 चा पाठवलात. गाडी 24 व्होल्टची, चार्जिंगला 28 जातात. तो बदलून मिळाला, तेव्हा मी गप्प बसलो. चूक झाली. माझ्या आधीच्या ट्रकवर तुमचेच मीटर होते, त्या भरवशावर घेतले होते.

240-33 चा सेंडर, त्याच आट्यांचा, पंधरा दिवसांत पाठवा. अख्खा संच परत मागवू नका, बाकीचे मीटर बरोबर आहेत. नाहीतर सगळ्या रीडिंगच्या फोटोंसह ग्राहक न्यायालयात जाईन. तोवर त्या मीटरवर चिकटपट्टी लावली आहे.

आणि कृपा करून फोन करू नका. लेखी कळवा.

— एक ग्राहक