ताकवले सर, तुमचे आभार मानायचे राहून गेले होते

आदरणीय प्रा. राम ताकवले सर,

सा. न.

आपली भेट कधी झाली नाही, आणि 2023 मध्ये आपण गेलात. तरी हे चारचौघांत सांगायचं आहे.

1989 मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झालं, आपण पहिले कुलगुरू झालात. त्याआधी पुणे विद्यापीठाचं कुलगुरुपद सांभाळलेलं. एवढा मोठा माणूस, आणि शाळेशी नातं तुटलेल्यांसाठी नवं विद्यापीठ उभारायला आला!

मी नववीत शाळा सोडली. लग्न झालं, सिडकोत शिवणकाम सुरू केलं. बारावी न झालेल्यांसाठी तेव्हा मुक्त विद्यापीठाचा पूर्वतयारी अभ्यासक्रम होता, त्यातून बी.ए.ला गेले. पुस्तकं अशी लिहिलेली, की शेजारी समजावणारं कुणी नसलं तरी पानावरचे प्रश्न सोडवत पुढे सरकता यावं. रात्री मशीन बंद केलं की मी तेच करायचे. रविवारी अभ्यासकेंद्रावर तास. तिथे कंडक्टर होते, पोलीस होते, अंगणवाडीताई होत्या. उच्चशिक्षणाबद्दलची आपली आशा मला त्या रविवारच्या वेळापत्रकात दिसली. कामकरी माणसाला कधी सवड मिळते, याचा कुणीतरी आधी विचार केला होता.

आज एखादे नवे कुलगुरू भविष्याबद्दल उमेदीनं बोलले, की लोकांना ते पटत नाही. पदवी घेऊन मुलं घरी बसली आहेत, प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आहेत, हे खरंच आहे. पण मी ती उमेद मनापासून ऐकते, कारण तशीच एक उमेद माझ्या घरापर्यंत पोचली होती. 2021-22 मध्ये देशात 18 ते 23 वयाच्या मुलामुलींच्या तुलनेत उच्चशिक्षणातलं नोंदणीचं प्रमाण 28.4 टक्के होतं. राष्ट्रीय शिक्षण धोरणाला ते 2035 पर्यंत 50 टक्क्यांवर न्यायचं आहे. ही वाढ पेठ-सुरगाण्यातून दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला येणाऱ्या पोरींना घेतल्याशिवाय कशी होणार? त्यांना रोज वर्गात बसता येणार नाही. आता क्रेडिट, म्हणजे पूर्ण केलेल्या अभ्यासाचे श्रेयांक, साठवून ठेवता येतात, मध्ये थांबून पुन्हा शिकता येतं. हे त्या पोरींना कुणी घरी जाऊन सांगितलं, तर त्या शिकतील, अशी माझी खात्री आहे.

प्रवेश सुरू झाले की आमच्या गल्लीतल्या बायकांचे अर्ज मी भरून देते. तुम्ही दार उघडलंत म्हणून मला हे जमतं. मनःपूर्वक आभार, सर.

आपली,
मुक्त विद्यापीठाची एक विद्यार्थिनी
सिडको, नाशिक