पोहोचायचा दिवस पार्कात घालवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीची सुट्टी जवळ आली की आपल्या पेपरात सहलींच्या जाहिराती सुरू होतात, त्यातल्या बऱ्याच थीम पार्कच्या असतात आणि हिशोब जवळजवळ सगळ्यांचा एकच, रात्री जळगावहून निघायचं, सकाळी पोहोचायचं आणि सामान टाकून थेट पार्कात. परवा आमच्या शेजारच्या ताईंनी असंच बुकिंग केलं, सोबत दोन लहान मुलं आणि म्हातारे सासरे, मी त्यांना गच्चीवर अर्धा तास समजावत होते आणि तेव्हाच वाटलं की हे पेपरात लिहायला पाहिजे. मला एकच सांगायचंय, आपल्या खान्देशातून जाणाऱ्यांनी पोहोचायचा दिवस वेगळा धरावा, त्या दिवसाचं पार्कचं तिकीट काढूच नये.

मागच्या वर्षी मे महिन्यात आम्ही एरंडोलहून आठ जण खोपोलीजवळच्या इमॅजिकाला गेलो होतो. मी, मिस्टर, आमची दोन मुलं, दीर-जाऊ, त्यांची मुलगी आणि सासूबाई. जळगावहून रात्रीची गाडी, पहाटे कल्याणला उतरायचं, पुढे बदलापूर-कर्जतवरून भाड्याच्या गाडीने खोपोली असं ठरलेलं. कागदावर प्लॅन एकदम छान दिसत होता, एक रात्र वाचली, एका दिवसाचं हॉटेल वाचलं. पण मुलं आनंदाने मनमाडपर्यंत झोपलीच नाहीत आणि मी तर डोळा मिटलाच नाही कारण गाडी कुठे आली ते मोबाईलवर बघत बसले, टिटवाळा गेलं, आंबिवली गेलं, शहाड आलं की सगळ्यांना उठवायचं, आठ माणसं, अकरा बॅगा आणि गाडी तिथे थांबते थोडाच वेळ.

सकाळी आठला हॉटेलवर पोहोचलो तर रूम दुपारी एकनंतर. यात हॉटेलवाल्यांची काही चूक नव्हती, वेळ त्यांनी बुकिंगच्या मेसेजमध्ये लिहिलेली होती, आम्हीच नीट वाचलं नाही. रिसेप्शनच्या कोपऱ्यात बॅगांचा ढीग लावला, खालच्या बाथरूममध्ये पाळीपाळीने तोंडं धुतली, सासूबाईंना तिथे लुगडं बदलता येईना म्हणून त्या प्रवासातल्याच लुगड्यावर राहिल्या, आणि तिकीट त्याच दिवसाचं काढलेलं म्हणून तसेच पार्कात गेलो.

दुपारी तीनला आमची सहा वर्षांची लेक बाकावर झोपून गेली. स्वीट कॉर्नचा कप हातात तसाच, चमचा त्यात उभा. मी तो काढून घ्यायला गेले तर झोपेतच तिने घट्ट धरला. बाजूला सासूबाई, चपलेचा पट्टा रुतून दोन्ही पायांवर लाल वळ उठलेले, म्हणाल्या "मी आठेच बसस, तुम्ही जाई या." त्यांचा आवाज ऐकून मला फार वाईट वाटलं, कारण त्या वर्षानुवर्षं कुठे गेल्याच नव्हत्या आणि नातवंडांबरोबर जायचं म्हणून महिनाभर आधीपासून तयारी करत होत्या. मुलगा एकटाच बाबांबरोबर रांगेत उभा राहिला, जावेचं डोकं दुखत होतं. संध्याकाळची परेड बघायची म्हणून मुलांनी वर्षभर घोकलेलं, ती न बघताच आम्ही हॉटेलवर परत आलो. आठ जणांचं पूर्ण दिवसाचं तिकीट आणि नीट फिरलो असू जेमतेम तीन तास.

यात एक गोष्ट समजून घ्यायला पाहिजे. पुण्या-मुंबईची माणसं सकाळी घरून निघतात, दीड-दोन तासात गेटवर असतात, त्यांच्यासाठी पोहोचायचा दिवस आणि पार्कचा दिवस एकच असला तरी चालतं. जाहिरातीतला हिशोब त्यांचा असतो आणि आपण तो तसाच उचलतो. जळगाव ते मुंबई रेल्वेने चारशे वीस किलोमीटर आहे, नंदुरबार-शहाद्याकडच्यांचा रस्ता तर अजून वेगळा. त्यात हवा बदलते. आपल्याकडचं ऊन कितीही कडक असलं तरी कोरडं असतं, सावलीत बसलं की बरं वाटतं, पण घाटाखाली खोपोलीकडे दमट असतं, घाम वाळत नाही आणि माणूस लवकर गळतो. मुलांना मे महिन्यात जळगावच्या चव्वेचाळीस डिग्रीत खेळायची सवय आहे म्हणून तिथे काही होणार नाही असं आम्हाला वाटलं होतं, ते साफ चुकलं.

माझी मावसबहीण अमेरिकेत असते, तिला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली आम्ही पोहोचलो त्या दिवशी पार्कात पायच ठेवला नाही. ते लोक फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डला गेले होते, ते १९७१ पासून चालू आहे आणि तिथे एक नाही चार थीम पार्क आहेत. तिकडे तिकीट दिवसावर असतं, म्हणजे तुम्ही सकाळी नऊला जा नाहीतर संध्याकाळी पाचला, दिवस एक मोजला. तिथल्या डिस्नेच्या हॉटेलात रूम साधारण दुपारी तीननंतरच मिळते. म्हणून त्यांनी पहिल्या दिवसाचं तिकीटच काढलं नाही, हॉटेलच्या तलावात मुलं पोहली आणि संध्याकाळी डिस्ने स्प्रिंग्ज म्हणून बाजार आणि खाण्याची जागा आहे तिथे चक्कर मारली, आत जायला तिकीट लागत नाही. एवढे लाखो खर्च करून जाणारी माणसं पहिला दिवस मोकळा ठेवतात आणि आपण एवढ्या कष्टाने पैसे जमवून जातो तर आपण पण ठेवायलाच पाहिजे ना.

मग मागच्या दिवाळीत भाऊबीज आटोपून आम्ही परत गेलो, तीच आठ माणसं. सासूबाई आधी नकोच म्हणत होत्या, त्यांना मी शब्द दिला की पहिल्या दिवशी नुसतं झोपायचं आहे. या वेळी दिराची गाडी होती, पहाटे पाचला निघालो, धुळे, मालेगाव, नाशिक, आणि इगतपुरीपासून आमण्यापर्यंत समृद्धी महामार्ग. तो शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झालाय, त्यामुळे कसारा घाटातली वळणं टळतात, जिला गाडी लागते त्या माझ्या जावेला हे फार सोयीचं पडलं. पण आमण्याला बाहेर पडल्यावर पुढे भिवंडी, कल्याण फाटा, शिळफाटा हा पट्टा वेळ खातोच, तो धरूनच चालायचं. शनिवारी सकाळी तर निघूच नका, एक्सप्रेस वेवर लोणावळ्याला जाणाऱ्यांची घाटापर्यंत रांग असते आणि पार्क घाटाच्या पायथ्याशी असलं तरी तुम्ही पण त्याच रांगेत अडकता.

दोन-अडीचला पोहोचलो, रूम तयार होती. गरम पाण्याने आंघोळी, मग घरून नेलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लोणचं. पार्कात बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत म्हणून डबा याच दिवशी संपवायचा, तेही बरंच असतं. मग पाचपर्यंत सगळे झोपले, अगदी माझ्यासकट.

संध्याकाळी वरदविनायकाला गेलो. अष्टविनायकातला हा गणपती तिथून जवळ आहे हे कितीतरी लोकांना माहीत नसतं आणि पार्क करून परत येतात. गाव महड, तालुका खालापूर. मॅपवर टाकताना नीट बघा, महड टाकायचं, महाड नाही, चवदार तळ्याचं महाड पण रायगड जिल्ह्यातच आहे पण ते तिथून शंभरेक किलोमीटर लांब खाली आहे. देऊळ १७२५ साली सुभेदार रामजी महादेव बिवलकरांनी बांधलं असं सांगतात आणि आतला नंदादीप १८९२ पासून तेवतोय असं म्हणतात. आम्ही एरंडोलची माणसं, दर वर्षी पद्मालयाला जाणारी, डाव्या-उजव्या सोंडेचे दोन गणपती एकाच देवळात बघायची सवय, त्यामुळे सासूबाई तिथे बराच वेळ शांत बसून होत्या. मागच्या वेळी ज्या बाकावरून उठल्या नव्हत्या त्याच बाई देवळामागच्या तळ्यापर्यंत पायी चालत गेल्या. माझ्यासाठी अख्ख्या ट्रिपमधला सगळ्यात चांगला तासभर तोच.

रात्री साडेआठला जेवण आणि मग उद्याची तयारी. हे काम पोहोचायच्या दिवशीच झालं पाहिजे, सकाळी गडबडीत होत नाही. तिकिटांचे फोटो दोन मोबाईलमध्ये ठेवले, कारण एक बंद पडला तर दुसरा, आधार कार्डं एका पाऊचमध्ये, पॉवर बँक चार्जिंगला. वॉटर पार्क पण करायचा होता, तिथे सुती कपडे, साडी, जीन्स पाण्यात चालत नाही, नायलॉनचे पोहायचे कपडेच लागतात, आणि आमच्याकडे बायकांना ते कुठे असतात घरी. मागच्या वेळी हे गेटवर कळलं होतं. या वेळी जाऊ आणि मी जळगावहूनच पूर्ण बाह्यांचे, गुडघ्याच्या खाली येणारे घेऊन गेलो आणि रात्री घालून बघितले, तर जावेचा एक साइज लहान निघाला, मग संध्याकाळचं दुकान उघडं होतं म्हणून खाली जाऊन बदली दुसरा घेता आला. सकाळी कळलं असतं तर ती दिवसभर काठावर बॅगा सांभाळत बसली असती.

आणि उंची. मोठ्या राइडला उंचीची पट्टी असते, त्याखाली पोरगं असलं तर बसू देत नाहीत, कितीही विनवण्या करा, आणि ते बरोबरच आहे, पट्टा नीट बसत नाही तर जिवाचा खेळ आहे. पण अर्धा तास रांगेत उभं राहून पट्टीपाशी नाही म्हटलं की मूल रडून हैराण होतं. म्हणून निघायच्या आधी घरीच दाराच्या चौकटीला अनवाणी उभं करून पेन्सिलने खूण करायची, पार्कच्या साइटवर कोणत्या राइडला किती उंची ते बघायचं आणि पोहोचायच्या दिवशी रात्री मुलाला सांगून टाकायचं की या दोनमध्ये तू नाही, या सहामध्ये आहेस. आमची लेक थोडी रुसली आणि झोपली, सकाळी विसरली पण.

दुसऱ्या दिवशी मुलं सहालाच उठून बूट घालून बसली होती. गेट उघडायच्या आधी अर्धा तास आम्ही तिथे, गर्दी वाढायच्या आत मोठ्या राइड उरकल्या, दुपारी ऊन चढलं तेव्हा आतल्या एसीच्या शोला बसलो, आणि संध्याकाळची परेड पूर्ण बघितली, सासूबाई पहिल्या रांगेत, मांडीवर नात.

रेल्वेने जाणाऱ्यांनी अजून एक बघा. १ नोव्हेंबर २०२४ पासून रिझर्व्हेशन साठच दिवस आधी सुरू होतं, पूर्वी एकशेवीस होते. तर आधी गाडीचं तिकीट कन्फर्म होऊ द्या, मग पोहोचायच्या तारखेला एक दिवस जोडून पार्कची तारीख काढा, उलटं करू नका, वेटिंगवर राहिलात तर पार्कचे पैसे अडकतात. कल्याणहून खोपोलीला लोकलने जायचं असेल तर रविवार टाळा, मेगा ब्लॉक असतो आणि कर्जतच्या पुढे पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी या लाइनवर तशाही गाड्या कमी.

शाळांना आणि सहलवाल्या भावांना कळकळीची विनंती आहे. शाळेच्या सहलीत तर साठ-सत्तर मुलं रात्रभर बसमध्ये बसून जातात, त्यांचे पाय लटकलेले असतात, पाठ टेकायला जागा नसते आणि सकाळी त्यांना त्या झोकांड्या घेणाऱ्या राइडवर बसवतात, मग कोण ओकतं कोणाला चक्कर येते आणि एकट्या मॅडम कोणाकोणाकडे बघणार. एक मुक्काम वाढवा, साधी धर्मशाळा चालेल, जमिनीवर गाद्या चालतील, त्या एका रात्रीचे पैसे जास्त घ्या पण ते आधी स्पष्ट सांगा, आईबाप देतील. आणि जाहिरातीत पोहोचायची वेळ, रूम मिळायची वेळ आणि पार्कचा दिवस या तीन गोष्टी वेगवेगळ्या छापा.

संपादक साहेब, जमल्यास हे पत्र सुट्टी लागायच्या आधी छापावं, शेजारच्या ताईंची गाडी लक्ष्मीपूजनानंतर तिसऱ्या दिवशी आहे आणि त्यांना अजून पार्कची तारीख एक दिवस पुढे करता येते.

आपली,
एक नियमित वाचक,
एरंडोल, जि. जळगाव