उत्तर न आलेल्या अर्जांबद्दल, लेकीस

प्रिय बाळ,

काल रात्रीचा तुझा मेसेज सकाळी वाचला. 'निदान नाही तरी म्हणायचं होतं.' एवढंच लिहिलंयस. नोकरीच्या मुलाखतीच्या तीन फेऱ्या झाल्या, शेवटच्या फेरीत पगाराचंसुद्धा बोलणं झालं, 'या आठवड्यात कळवतो' म्हणाले, आणि आता मेलला उत्तर नाही, फोन कोणी उचलत नाही. या विषयावर फोनवर आपलं धड बोलणं होत नाही. तू 'ठीक आहे गं' म्हणतेस आणि मी हवापाण्यावर येते. म्हणून लिहून पाठवते आहे. लांबलंय, सवडीने वाच.

माझी अर्धीअधिक नोकरी माणसं भरती करणाऱ्या विभागात गेली, हे तू लहानपणापासून बघितलंयस. मुलाखतीच्या टेबलाच्या त्या बाजूला मी पुष्कळ बसले आहे. तेव्हा 'धीर धर, सगळं छान होईल' हे मी सांगत बसत नाही, त्यासाठी आपले बाकीचे नातेवाईक समर्थ आहेत. मी आत काय चालतं ते सांगते. तुला वाटतंय की तिकडे तुझ्याबद्दल काहीतरी निकाल लागलाय आणि तो तुझ्यापासून लपवून ठेवलाय. पुष्कळदा तसा निकाल लागलेलाच नसतो.

असं बघ. पहिल्या पसंतीच्या उमेदवाराला ऑफर जाते. तो हो म्हणतो, पण जुन्या ठिकाणचा नोटीस पिरियड संपवून तो खरोखर हजर होईपर्यंत कोणाचा भरवसा नसतो. आयत्या वेळी जुन्या कंपनीने पगार वाढवला की माणूस फिरतो. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाला इतक्यात नकार कळवायचा नाही, हा अलिखित नियम. त्याला आम्ही 'होल्डवर ठेवणं' म्हणायचो. पुढे तो पहिला रुजू होतो, सगळे हुश्श करतात, आणि तुम्हाला कळवायचं राहूनच जातं, कारण ते काम नेमकं कोणाचं हे कधी ठरलेलंच नसतं. कधी जागेची मंजुरीच मागे घेतली जाते आणि ते बाहेर बोलायची सोय नसते. कधी जागा आतल्याच माणसासाठी ठरलेली असते, जाहिरात नियमापुरती. ज्या साहेबांना माणूस हवा होता तेच राजीनामा देऊन गेले, असंही मी पाहिलंय. हे सगळं वाईटच आहे, मी त्याची वकिली करत नाही. चार ओळींचा मेल पाठवायला काय जातं, हे मी तेव्हाही म्हणायचे.

एक बैठक मला चांगली आठवते. शेवटी दोन फायली उरल्या, दोन्ही मुलींच्या. गुण जवळजवळ सारखे. एकीचा अनुभव थोडा जास्त, दुसरीचं बोलणं जास्त नेमकं. बराच वेळ खल झाला. शेवटी पॅनेलमधल्या एकाने घड्याळाकडे बघितलं आणि विचारलं, 'यातली लवकर कोण येईल?' एकीचा नोटीस पिरियड एक महिना, दुसरीचा तीन. संपलं. फायली मिटल्या, लोक उठले. ती दुसरी मुलगी घरी जाऊन काय काय उगाळत बसली असेल! त्या एका प्रश्नाला आपण अडखळलो का, पगाराचा आकडा जास्त सांगितला का, जास्त हसलो का, कमी हसलो का. तिच्या फायलीवर माझ्या अक्षरात शेरा होता, 'उत्तम. पुढील जागेसाठी विचार व्हावा.' पुढची जागा निघाली तेव्हा ती फाइल कोणी उघडली नाही.

आता जरा गणित करू, तुला आवडतं म्हणून. समज, एका अर्जामागे नोकरी लागायची शक्यता शंभरात दोन आहे. असे पन्नास अर्ज केले तर एकही न लागण्याची शक्यता किती? ०.९८ चा पन्नासावा घात, म्हणजे साधारण ३६ टक्के. शंभर अर्जांनंतरही १३ टक्के. म्हणजे अगदी सारख्या कुवतीच्या शंभर मुलींनी प्रत्येकी शंभर अर्ज केले, तरी त्यातल्या तेराएक जणी रिकाम्या हाताने बसलेल्या असतील, आणि त्यातल्या प्रत्येकीला वाटत असेल की खोट आपल्यातच आहे.

याचा अर्थ आपण काहीच तपासू नये असा नाही. अर्ज करून करून मुलाखतीचं बोलावणंच येत नसेल तर गडबड सीव्हीत असते, किंवा चुकीच्या जागांना अर्ज जात असतात. पहिल्या फेरीतच गाडी अडत असेल तर बोलण्याचा सराव कमी पडतोय. तू शेवटच्या फेरीपर्यंत पोचते आहेस. तिथे चौघांतला कोण घ्यायचा याची कारणं पुष्कळदा त्या चौघांच्या बाहेरची असतात. म्हणून सीव्हीचा फॉन्ट बदलत रात्री जागू नकोस. सीव्ही चांगला आहे.

नोकरीत पडलेल्या गॅपची तुला धास्ती वाटते आणि ती खोटी नाही. अमेरिकेत तीन अर्थशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. साधारण १२,००० बनावट अर्ज त्यांनी मोठ्या शहरांतल्या ३,००० च्या आसपास जागांसाठी पाठवले. 'किती महिने नोकरी नाही' हा तपशील त्यांनी अर्जांमध्ये चिठ्ठ्या टाकल्यासारखा वाटून टाकला होता. महिने जसे वाढले तशी बोलावणी घटली, आणि ही घट मुख्यतः पहिल्या आठ महिन्यांतच दिसली. मला त्यातली गंमत वेगळी वाटते. ते अर्जदार अस्तित्वातच नव्हते. त्यांच्यात आळस, मंदपणा, खोट काही असणं शक्यच नव्हतं. वाचणाऱ्याने फक्त तारखांकडे बघून बाकीचं स्वतःच्या मनाने भरलं. आणि जिथे मुळातच कामं कमी होती तिथे हा फरक सौम्य होता, कारण तिथल्या लोकांना माहीत होतं की चांगली माणसंही घरी बसलेली आहेत.

तेव्हा गॅपबद्दल विचारलं की दोन वाक्यांत उत्तर दे आणि थांब. कंपनीने विभाग बंद केला, त्यानंतर मी अमुक शिकले आणि तमुक काम हातावेगळं केलं. बस. मी टेबलाच्या त्या बाजूला असताना बघितलंय, गॅप कोणाला फारसा खटकत नाही, त्याबद्दलचं पाच मिनिटांचं स्पष्टीकरण खटकतं. आणि जुन्या साहेबांबद्दल एक शब्दही वाकडा नको, ते कितीही तसे असले तरी. (ते तसेच होते, हे आपल्यातच.)

आता दिवसाबद्दल. हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तू हल्ली कधी उठतेस मी विचारत नाही, पण रात्री अडीचला मेसेज येतात त्यावरून अंदाज येतो.

ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएन्टाल नावाचं एक गाव आहे. सगळं गाव एका कापड गिरणीवर जगायचं. १९२९-३० च्या मंदीत ती गिरणी बंद पडली आणि जवळजवळ अख्खं गाव बेकार झालं. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल हे तरुण संशोधक आपल्या सहकाऱ्यांसह १९३१ मध्ये तिथे गेले. तोवर समज असा होता की बेकार माणूस चिडतो, बंड करतो. यांना दिसलं ते उलट. माणसं मंदावली होती. रस्त्यावर घड्याळ लावून त्यांनी चालण्याचा वेग मोजला. पुरुष सावकाश चालत, मधेच थांबत, उगाच उभे राहत. बायका भराभर जात, कारण गिरणी बंद पडली तरी घरचं काम बंद पडलं नव्हतं. वाचनालयातून पुस्तकं नेणं निम्म्याच्या आसपास आलं होतं, वर्गणी माफ केल्यावरसुद्धा. वेळ भरपूर, पुस्तकं फुकट, आणि वाचायला मन नाही. लोकांकडून त्यांनी दिवसाचे तक्ते भरून घेतले. एका माणसाने सकाळी उठल्याचं लिहिलं, मुलांना शाळेत पाठवल्याचं लिहिलं, आणि मधल्या तासांपुढे एवढंच, की तोवर दुपार होते.

नोकरीत असताना एका प्रशिक्षणात मी हे पहिल्यांदा ऐकलं आणि ते माझ्या डोक्यातून गेलं नाही. याहोडाबाई पुढे आयुष्यभर यावर बोलत राहिल्या. नोकरी पगार देते हे उघड आहे, पण त्याबरोबर ती न मागता आणखी गोष्टी देते. दिवसाला आकार, घराबाहेरची माणसं, आपल्याहून मोठ्या कामात वाटा, समाजात काहीएक जागा, आणि हातपाय हलवायची सक्ती. पगार गेला की ते आपल्याला दिसतं. हे बाकीचं गेलेलं दिसत नाही, नुसतं जड जड वाटत राहतं.

म्हणून माझं म्हणणं असं, की नोकरी शोधायचं काम सकाळच्या ठरलेल्या तासांत कोंबायचं. नऊ ते बारा म्हण. त्यात पोर्टल, अर्ज, फॉलो-अप, फोन. बारा वाजता लॅपटॉप बंद. दिवसभर पोर्टल उघडं ठेवून अर्ध्या डोळ्याने त्याकडे बघत बसणं हे ना काम ना विश्रांती. न्यू जर्सी राज्यात अॅलन क्रूगर आणि आंद्रेआस म्यूलर या अर्थशास्त्रज्ञांनी ६,००० च्या वर बेकार लोकांना आठवड्यामागून आठवडे प्रश्न विचारले. लोक विशेष खिन्न कधी, तर नोकरी शोधत असतात तेव्हा. आणि जसजसे महिने जातात तसतसा शोधायला दिलेला वेळ कमी होत जातो. त्यांना आळशी म्हणायला माझी जीभ वळत नाही. ज्या कामाने दरवेळी मन खट्टू होतं ते काम माणूस टाळणारच. त्याला कुंपण घालावं, म्हणजे बाकीचा दिवस तुझा राहतो. दुपारी काहीतरी असं कर ज्याचा शेवट संध्याकाळपर्यंत दिसतो. कपाट आवर, कोणाला शिकव, पोहायला जा. आणि हो, उजाडताना झोपायचं बंद कर. सलग काही आठवडे झोप नसेल, अंथरुणातून उठावंसंच वाटत नसेल, तर सरळ डॉक्टरकडे जायचं, मी येते बरोबर.

ओळखीचं तुला वावडं आहे. 'मला कोणाच्या वशिल्याने नको' असं बाणेदारपणे सांगतेस, छान वाटतं ऐकायला. पण वशिला वेगळा आणि माहिती वेगळी. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये एक लेख लिहिला. ज्यांना ओळखीतून नोकरी लागली होती त्यांना त्याने विचारलं, ती व्यक्ती तुम्हाला किती वेळा भेटायची? रोजच्या घसटीतली माणसं जेमतेम १७ टक्के. बाकी सगळी अधूनमधून किंवा क्वचित भेटणारी. कारण सोपं आहे, जवळच्यांना जे माहीत असतं ते तुलाही माहीत असतंच. लिंक्डइनवर दोन कोटींवर लोकांचा डेटा घेऊन केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले, त्यातही अगदी जवळच्या ओळखींपेक्षा माफक ओळखींचाच जास्त उपयोग दिसला. तुझ्या पहिल्या नोकरीत जी मुलगी तुझ्या शेजारी बसायची आणि नंतर दुसरीकडे गेली, तिला फोन कर. नोकरी मागू नकोस. 'तुमच्याकडे हे काम कसं चालतं, कोणाशी बोलू?' एवढंच विचार. लोकांना सल्ला द्यायला फार आवडतं, मलाच बघ.

आणि पैसे मागणारा कोणी भेटला, रजिस्ट्रेशन म्हणून, ट्रेनिंग म्हणून, डिपॉझिट म्हणून, तर तिथून उठायचं. खाजगी रोजगार संस्थांनी कामगारांकडून शुल्क घेऊ नये, असं आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९७ च्या करारात लिहून ठेवलंय. थकलेला माणूस नेमका अशाच ठिकाणी फसतो.

'झालं का गं काही?' विचारणाऱ्यांसाठी एक वाक्य ठरवून ठेव. 'चालू आहे, ठरलं की मीच सांगीन.' पुढे विषय बदल. तुझ्या मावशीला मी सांगितलंय, तिने ऐकलंय की नाही देव जाणे. मी विचारत नाही याचा अर्थ मला पडलेली नाही असा घेऊ नकोस, एवढं मात्र बघ.

राग आला की कागदावर काढ. हे मी उगाच म्हणत नाही. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे, जेम्स पेनेबेकर आणि सहकाऱ्यांचा. नोकरी गेलेल्या अनुभवी लोकांपैकी काहींना त्यांनी ओळीने पाच दिवस, नोकरी गेल्याबद्दल मनात जे आहे ते लिहायला लावलं. त्यांच्यातल्या जास्त जणांना पुढे नोकरी लवकर लागली. अर्ज त्यांनी इतरांपेक्षा जास्त केले नव्हते. माझा अंदाज असा, की मनातला संताप कागदावर उतरला की तो मुलाखतीत डोकावत नाही. अनुभवाने सांगते, तो डोकावला की समोरच्याला दिसतो.

उत्तर न देणाऱ्या त्या कंपनीवाल्यांना आता एकच मेल पाठव, चार ओळींचा. निर्णय झाला असेल तर कळवा, मी इतर ठिकाणी पुढे जाते आहे. आणि त्यांचं नाव यादीतून खोड.

शुक्रवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर बसू. मी अनोळखी पॅनेलवाली होते, तू मला मॅडम म्हण. गॅपचा प्रश्न मी पहिलाच विचारणार आहे, तोही जरा खवचटपणे. हसलीस तर पुन्हा पहिल्यापासून.

तुझी,
आई