लिंबाशिवायचं आंबट

कोपनहेगन, जून

प्रिय मंद्या,

तुझा मेसेज वाचला. "पोट भरलं का ते आधी सांग, बाकीचं कौतुक नंतर." भरलं रे बाबा, इथल्या त्या महागड्या रेस्टॉरंटमधे टम्म भरलं. ताटल्या एवढ्याएवढ्याशा असतात हे खरंय पण त्या येतच राहतात, तीन तास झाले तरी येतच असतात, आणि मधेच तो पाव येतो आंबवलेल्या पिठाचा, गरम, वरचा पापुद्रा जवळजवळ काळा, सोबत खारं लोणी, तो एकटाच निम्मं पोट भरतो. खरं सांगू का, अख्ख्या जेवणात मला सगळ्यात जास्त आवडला तो पावच. पण हे नीलसमोर बोलले नाही, कारण बुकिंग त्याने केलेलं आणि पैसे बुकिंग करतानाच भरायचे असतात, माणशी १५०० क्रोनर, म्हणजे आपले वीसेक हजार रुपये, आणि एवढे भरून बहीण म्हणणार पाव छान होता!

रेस्टॉरंटचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. लिहिलं की तू लगेच इन्स्टावर फोटो बघत बसणार आणि माझं काही ऐकणार नाहीस. नॉरेब्रो म्हणून भाग आहे, सायकली, शावर्माची दुकानं, सगळ्या देशांची माणसं, तिथे एका गल्लीत आहे. आत पंचवीसेक माणसं बसतील एवढीच जागा. टेबलावर कापड नाही, नुसतं लाकूड, खुर्चीवर मेंढीचं कातडं टाकलेलं, ताटल्या हाताने घडवलेल्या, एकीसारखी दुसरी नाही. बाहेर रात्रीचे साडेनऊ आणि लख्ख ऊन, त्यामुळे आपण दुपारचं जेवतोय का रात्रीचं हेच कळत नाही. आणि वेटर असे फारसे नाहीतच, ज्याने केलं तोच पोरगा ॲप्रन घालून ताटली घेऊन येतो आणि सांगतो की हे काय आहे, कसं खायचं. तुला हे आवडेल. तुझ्या पोळी-भाजीच्या दुकानातल्या मावशींना काउंटरवर उभं करून पाहा एकदा, गिऱ्हाईक भाजीला नावं ठेवायचं बंद होईल.

आता मुद्द्याचं, तू धंद्यातला म्हणून लिहितेय, बाकी कोणाला हे वाचायला कंटाळा येईल. या जेवणाची सगळी गंमत आंबटात आहे. म्हणजे असं बघ, वीस-पंचवीस वर्षांपूर्वी इथे भारीतलं हॉटेल म्हणजे फ्रेंच नाहीतर इटालियन, ऑलिव्ह ऑइल, टोमॅटो, हंसाचं लिव्हर, सगळं बाहेरून आणायचं. २००३ मधे रेने रेडझेपी हा शेफ आणि क्लाउस मायर हा खाण्याच्या धंद्यातला माणूस यांनी इथल्याच क्रिश्चनहाउन भागात धक्क्यावरच्या जुन्या गोदामात नोमा नावाचं रेस्टॉरंट काढलं, आणि ठरवलं की इकडच्याच समुद्रातलं, रानातलं, शेतातलं वापरायचं. लोकांनी चेष्टा केली, काय व्हेलची चरबी वाढणार का म्हणून. मग २००४ च्या नोव्हेंबरमधे मायरच्या पुढाकाराने बारा शेफनी एकत्र बसून दहा कलमांचा जाहीरनामाच सही करून टाकला. ऋतू ताटात दिसला पाहिजे, आपल्या हवेत जे उत्तम येतं ते वापरा, जनावरांना नीट वागवा, जुन्या पदार्थांचा नवा उपयोग शोधा, असं. म्हणजे एखाद्या भागाचं जेवण बदलायचं हे चक्क मीटिंग घेऊन ठरलंय! आपल्याकडे बारा आचारी एका खोलीत बसवले तर आमटीत गूळ घालायचा का नाही यावरच दिवस मावळेल.

पण कलमं लिहिणं सोपं रे. जे हे कडक पाळायला गेले त्यांची पहिली पंचाईत काय झाली असेल? लिंबू इथे उगवत नाही. आणि आंबट नसेल तर जेवणाला धार नाही. तुला कोणी सांगितलं उद्यापासून कोकम, चिंच, लिंबू, टोमॅटो, कैरी सगळं बंद, तर तू काय करशील? दोन दिवस डोकं धरून बसशील आणि तिसऱ्या दिवशी रानात जाशील. हे लोक तसेच गेले. समुद्रकाठचं सीबकथॉर्न, म्हणजे ती नारिंगी बोरं, लडाखला लेह बेरी म्हणून ज्यूस मिळतो ना तीच, ती इतकी आंबट की कानशिलं दुखतात. कच्ची हिरवी स्ट्रॉबेरी. रुबार्ब म्हणून झाड असतं त्याचे आंबट देठ. चक्का टांगल्यावर खाली गळतं ते पाणी. सफरचंदाचं व्हिनेगर. रानातल्या चुक्यासारख्या पानांचे प्रकार. आणि मुंग्या. हो, मुंग्या. मुंगीत फॉर्मिक ॲसिड असतं त्यामुळे ती दाताखाली फुटली की गवती चहा आणि लिंबाच्या मधली काहीतरी चव येते. नोमाने २०१२ मधे लंडनला कोबीच्या पानावर मुंग्या दिल्या तेव्हा पेपरवाल्यांनी केवढा गहजब केला होता. आम्हाला मिळाल्या नाहीत, मी मनातून सुटले. पण उगाच ई-ई करू नकोस, ओडिशातल्या मयूरभंजच्या लाल मुंग्यांच्या काई चटणीला २०२४ मधे जीआय टॅग, म्हणजे त्या भागाची खास चीज असल्याचा सरकारी शिक्का, मिळालाय, आणि ते लोक कित्येक पिढ्या खातायत कोणाला जाहीरनामा न दाखवता.

गंमत म्हणजे घरोघरी मात्र लिंबू आहेच हां. नीलच्या शेजारच्या आजींनी आम्हाला तळलेला मासा खायला बोलावलं तर वर लिंबाची फोड, आणि नंतर कोल्डस्कोल म्हणून ताकाचा गोड थंड प्रकार देतात उन्हाळ्यात, त्यात बिस्किटं चुरून घालतात, त्यातही लिंबू. म्हणजे हा उपास फक्त हॉटेलवाल्यांचा. आणि जाहीरनाम्यातही बाहेरचं बंद असं नाहीये, एका कलमात उलट बाहेरच्या चांगल्या गोष्टी घ्या असंच म्हटलंय, म्हणून तर जपानची कोजी बुरशी, सोया सॉस आंबवतात ती, इथल्या बार्लीवर वाढवतात आणि मजेत वापरतात.

काय काय खाल्लं ते थोडक्यात. कच्ची बारकी फ्योर्डमधली, म्हणजे खाडीतली, कोळंबी, वर रुबार्बचं गार पाणी, हे फारच सुंदर, सोलकढी पिऊन जीभ जशी स्वच्छ होते तशी झाली. मग पांढरी शतावरी, म्हणजे ॲस्परॅगसची भाजी, नुसती भाजलेली, वर रानलसणीची हिरवी बोंडं मिठात मुरवून केपरसारखी केलेली. शतावरीचा सीझन इथे २३ जूनला सांक्ट हान्स या उन्हाळी सणाच्या होळ्या पेटतात त्या सुमाराला संपतो, मग शेतकरी काढायचंच थांबवतात, झाडाला पुढच्या वर्षासाठी जोर राहावा म्हणून. नवे बटाटे, त्यांचं इथे हापूससारखं असतं, साम्सो बेटावरचे पहिले बटाटे आले की बातमी होते आणि वाट्टेल ती किंमत देऊन लोक घेतात. सालासकट उकडलेले पाच बटाटे, बस, पाच, बोटाच्या पेराएवढे. चांगले होते पण बटाटेच होते. मग टर्बट नावाचा चपटा मासा, निखाऱ्यावर, आणि त्याचा रस्सा म्हणजे लोणी कढवून तळाची बेरी तांबूस झाली की त्या बेरीसकट दह्याच्या पाण्यात फेटलेलं. मंद्या, हा रस्सा! तूप आणि आंबट. मी ताटली पावाने पुसली, समोरच्या टेबलावरच्या बाईंनीही पुसली, आम्ही एकमेकींकडे बघून हसलो.

न आवडलेलंही लिहिते. एक समुद्री शेवाळ्याचा कुरकुरीत प्रकार होता, तो बंदरावरच्या दोरखंडासारखा लागला. आणि शेवटी स्प्रूस म्हणजे सूचिपर्णी झाडाच्या कोवळ्या शेंड्यांचं आइस्क्रीम, आजीच्या निलगिरीच्या बाटलीची आठवण झाली, मी दोन चमचे खाऊन नीलकडे सरकवलं. शिवाय दारू पीत नसाल तर प्रत्येक पदार्थाबरोबर वेगवेगळे रस देतात, पेरू काय संत्रं काय तसले नाही, आंबवलेले, धुरावलेले, आणि सहाव्या ग्लासाला जीभ हात टेकते. इतकं आंबट सलग तीन तास आपल्यालासुद्धा झेपत नाही, मधे साधा वरणभात हवा असं वाटतंच. भाताच्या जागी काहीच नाही, हा मला या जेवणाचा खरा दोष वाटतो. सगळे सूर वरचेच.

आता पैसे जातात कुठे. मी मोजत होते, आम्ही पंचवीस खाणारे आणि किचनमधे, उघडंच असतं ते, बाराएक माणसं, चिमट्याने एकेक पान ताटलीवर ठेवतायत. त्यातलं कोणीतरी सकाळी समुद्रकाठी जाऊन ती पानं खुडून आणलेली असणार. माल स्वस्त आहे, बटाटे न् पानं न् दह्याचं पाणी, महाग आहे ते माणूस. आणि इथेच या सगळ्या चळवळीचं दुखणं आहे. मोठ्या मोठ्या किचनमधे जगभरातून पोरं शिकायला येतात आणि कित्येक वर्षं ती फुकट राबत होती. नोमा जगातलं सर्वोत्तम म्हणून पाच वेळा निवडून आलं, पण शिकाऊ मुलांना पगार द्यायला लागलं ते २०२२ च्या शेवटाला, आणि लगेच २०२३ च्या जानेवारीत रेडझेपीने जाहीर केलं की नेहमीसारखं रेस्टॉरंट चालवणं आता थांबवणार, हे असं टिकण्यासारखं नाही. मला हे वाचून चक्क राग आला होता. पगार दिल्यावर जे चालत नाही ते आधीही चालत नव्हतंच की, कोणीतरी दुसरं त्याचे पैसे भरत होतं. तू पोळ्यांच्या मावशींना दिवाळीला बोनस देऊन ३५ रुपयांत भाजी विकतोस, तुला कोणी मिशलिन स्टार, म्हणजे तो हॉटेलांचा मानाचा तारा, देत नाही. असो.

शाकाहारी वहिनींसाठी विचारलं होतंस. आधी कळवलं तर भाज्यांचा मेनू बरेच जण करतात, पण नीट विचारून घे. जेरॅनियम म्हणून तीन स्टारवालं आहे, फुटबॉल स्टेडियमच्या आठव्या मजल्यावर, तिथे २०२२ पासून मांस बंद आहे, पण मासे आहेत, तेव्हा 'मीटलेस' वाचून फसू नका. तुम्ही सप्टेंबरात येणार तर शतावरी नसेल, मशरूम आणि सफरचंदं असतील, ते वहिनींना बरंच.

आता एक काम. तिथल्या पोराला मी विचारलं, हिरवी बोरं-फळं मुरवता कशी, तर म्हणाला वजनाच्या दोन टक्के मीठ, पाणी अजिबात नाही, हवा काढून पिशवी बंद, २८ डिग्रीला पाच-सहा दिवस. इथे त्या २८ डिग्रीसाठी वेगळी गरम पेटी ठेवतात बिचारे. तुझ्या डोंबिवलीच्या ओट्यावर ते फुकट आहे! करवंदं अजून मिळत असतील, कर्जत-बदलापूरकडून बायका आणतात त्यांच्याकडे बघ, हिरवी घट्ट मिळाली तर एक किलो घे, २० ग्रॅम मीठ, बाकी काही घालू नकोस, हिंग नाही मोहरी नाही, हात आवर. पिशवी फुगली की कोपरा कापून हवा सोड आणि परत बंद कर. जे पाणी सुटेल ते टाकू नकोस, मला वाटतं खरी चीज तेच आहे, तुपात फेटून भाजलेल्या सुरमईवर घालून बघ, नाहीतर वहिनींसाठी भाजलेल्या सुरणावर. बिघडलं तर शंभर-दीडशे रुपये गेले.

बाबांची शुगर कशी आहे ते तू लिहिलंच नाहीस. वहिनींना आणि चिमणीला प्रेम.

तुझी,
अनघा

ता.क. राय (rye) या धान्याचा काळा पाव आणतेय, दगडासारखा आहे, आठवडाभर टिकतो. तो तुपावर भाजून वर बटाट्याची भाजी घालून विकता येईल का याचा विचार करून ठेव, मी गंमत करत नाहीये.